केनेलमधला आवाज
(लेखांक सातवा)

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा विशीतला आहे, स्वमग्न आहे, कुत्र्यांवर त्याचा फार जीव. पण चार कुत्री एकदम भुंकली की कानांवर हात ठेवून बाहेर पळतो. मग प्राण्यांच्या शेल्टरमधल्या कामाची वाट त्याला बंदच समजायची का? माझ्या मते नाही. मुलाची परीक्षा घेण्याआधी इमारतीची घ्यायला हवी.

प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका नव्याने बांधलेल्या शेल्टरमधला आवाज मोजला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठ्या कुत्र्यांच्या विभागात उच्चांक वारंवार ११८.९ डेसिबलच्या पुढे गेले, म्हणजे मापकाची मर्यादाच संपली. हे उच्चांक क्षणिक असतात हे खरं. तरी तुलनेसाठी सांगतो : अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं, आवाज दर तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत. लोंबकळणारी साखळी किंवा जमिनीवर पडलेली सावली पाहून गुरं अडतात, तेव्हा गुरांना दटावण्याऐवजी ती साखळी काढायची, ही त्यांची कामाची रीत. केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या पिंजऱ्यांच्या विभागात, ती माणसांनाही लागू करावी, एवढंच माझं म्हणणं.

आवाज इतका का चढतो? रोज जंतुनाशकाने धुता यावं म्हणून फरशी, टाइल्स आणि स्टील वापरतात. त्यातलं काहीच आवाज शोषत नाही. त्यात पिंजऱ्यांच्या रांगा समोरासमोर असतात, त्यामुळे एकाने सुरुवात केली की अख्खी रांग पेटते. सकाळच्या सफाईच्या वेळी पाण्याचा पाइप, कड्यांचा खणखणाट आणि स्टीलची भांडी यांची भर पडते. नेमक्या त्या तासाला नवशिक्याला आत नेलं आणि तो बाहेर पळाला, तर 'या कामाला योग्य नाही' असा शेरा बसतो. पण त्याला काम येतं की नाही, हे अजून कुणी पाहिलेलंच नसतं. काम असं असतं : कुत्र्याला दुसरीकडे हलवायचं, घाण उचलायची, साबणाने घासून पाणी मारायचं, मग जंतुनाशक लावून बाटलीवर लिहिलेली मिनिटं पूर्ण होईपर्यंत थांबायचं. पिल्लं आधी, आजारी शेवटी. हा क्रम उलटला तर रोग पसरतो. ती मिनिटं एकदाही न कापणारा माणूस शेल्टरला हवाच असतो. सगळे स्वमग्न तरुण असे नेटके असतात असा माझा दावा नाही. पण ते तपासायला आधी शांत खोली हवी.

यावर पहिला आक्षेप : कानांवर आवाज अडवणारे मफ घालावेत, प्रश्न मिटला. पाइप चालू असताना ते जरूर घालावेत. पण कुत्र्याची दबकी गुरगुर ऐकू येणं ही सुरक्षिततेची बाब आहे, आणि काहींना डोक्यावरचा दाबच सोसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : एका प्रशिक्षणार्थीसाठी इमारत का बदलायची? तर ती एकट्यासाठी बदलायचीच नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केनेलमध्ये सहा महिने राहिल्यावर तपासलेल्या चौदाही कुत्र्यांच्या श्रवणशक्तीत फरक आढळला. कुत्र्यांना तर निघून जायची सोय नाही. समोरासमोरच्या पिंजऱ्यांमध्ये आडोसा, येणाऱ्या-जाणाऱ्याने शांत कुत्र्यापुढे टाकलेला खाऊ, छताला आवाज शोषणारे फलक : हे उपाय तिथल्या सर्वांच्याच कामी येतात.

तोवर मांजरांची खोली, सशांचा विभाग, कपडे धुण्याची जागा इथून सुरुवात करता येते. मात्र तिथेच कायमचं अडकवून ठेवलं तर ते प्रशिक्षण नव्हे. १९९६ मध्ये सिनसिनाटीतल्या मुलांच्या रुग्णालयात सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट सर्च' या अपंग तरुणांच्या नोकरी-प्रशिक्षणात वर्षभरात प्रत्यक्ष कामाच्या जागी तीन वेगवेगळे विभाग फिरवतात, ते याचसाठी. त्या आईने प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राला विचारावं : सफाईची वेळ सोडून आधी कुठे बसवाल, आणि तिथून पुढे कधी हलवाल? दुसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळालं नाही, तर दुसरं केंद्र पाहावं.