बडोद्याच्या उन्हातलं ऊन

मोत्यांच्या गालिच्यावर आजवर पुष्कळ लिहून झालंय. खंडेरावांनी तो करवला, २००९ साली दोह्यात त्याचा लिलाव झाला, हे आपल्या वाचकांना पाठ असेल. घराघरांतल्या ट्रंकांत घडी घालून पडलेल्या लोकरीच्या टोपड्यांवर मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून हे टिपण.

आधी भाषेची गंमत. वाडीतून मांडवीकडे बाजारात गेलं की गुजराती दुकानदार लोकरीला 'ऊन' म्हणतो. एप्रिल-मेचा बडोद्याचा ताप सोसणाऱ्या मराठी माणसाने इथे पैसे देऊन ऊन घ्यायचं! आणि थंडी म्हणाल तर जानेवारीतले थोडे दिवस. मग विणायचं कशाला? उत्तर बाळंतविड्यात आहे. कुंची, टोपडं, पायमोजे, झबलं. मोठ्या माणसाच्या स्वेटरला दोन महिने लागतात, टोपडं चार दुपारींत होतं. गरजेपेक्षा हौसेचाच हा मामला, त्यामुळे नमुन्यांची हौसही तिथेच भागवली जायची. क्रोशाचं काम वेगळं: तोरणं, ताटावरचे रुमाल, रुखवतातल्या वस्तू. ते सुती दोऱ्याचं, त्याला हवामान आड येत नाही.

दोन सुयांवरचं विणकाम आपल्याकडे फार प्राचीन नाही. देवाला वाहायचं कापसाचं गेजवस्त्र आपलं जुनं, सुयांचं काम मुख्यतः एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांबरोबर आणि शाळांमधून पसरलं. बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलीही शाळेत बसू लागल्या. पुढे महाराणी चिमणाबाईंच्या नावाच्या स्त्री उद्योगालयाने हातकामाकडे बायकांच्या कमाईचं साधन म्हणून पाहिलं. १८९० सालच्या कलाभवनात रंगाई आणि मागावरची विणाई शिकवत. तिचा इतिहास लिहिला गेला, कारण ती 'उद्योग' होती. घरातली विणाई 'हौस' ठरली आणि कागदावर आलीच नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग, सवय जात नाही. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना छेदून जवळपास सरळ राहतात, म्हणून ते ताणलं जात नाही. विणलेल्या स्वेटरात एकच धागा फाशांतून फासे काढत जातो. ओढला की फासा आकार बदलतो, सोडला की पुन्हा जागेवर. एक ओळ सुलट, एक उलट विणली तर पुढची बाजू गुळगुळीत येते, पण कडा वळते. दोन सुलट, दोन उलट घातले तर वळण्याचे कल एकमेकांना आवरतात आणि पट्टी लवचीक होते. मनगटाला आणि गळ्याला तीच का, ते यातून कळतं. क्रोशात सुईवर बहुधा एकच फासा जिवंत असतो. हाताने केलेल्या खऱ्या क्रोशाची नक्कल करणं यंत्राला फार कठीण जातं.

याच रचनेत इतिहासाची अडचणही आहे. फासा सुटतो. मूल वाढलं की स्वेटर उसवायचा, लोकरीची लड करून धुवायची, वजन बांधून वाळवायची आणि धाकट्यासाठी नवा घालायचा. वस्तू जपायची नसून लोकर जपायची होती. १९६२ साली चीनच्या युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, ते तर घरात राहायचेच नव्हते.

शिवाय लोकरीला कसर लागते, ॲक्रिलिकला लागत नाही. त्यामुळे ट्रंकेत आज शाबूत सापडतं त्यात ॲक्रिलिकच जास्त असणार, आणि त्यावरून 'पूर्वीही हेच वापरायचे' असं म्हणणं चुकीचं. ॲक्रिलिकला नाकं मुरडण्याचं मात्र बडोदेकरांना कारण नाही. आपल्या शहराच्या वेशीवर आयपीसीएलच्या कारखान्यात ॲक्रिलिक तंतू तयार व्हायचा. अशा तंतूचं सूत मुख्यतः लुधियानाकडच्या गिरण्यांत निघतं. बडोद्याचाच तंतू पंजाब फिरून गुंडी होऊन मंगळ बाजारात आला असेल, तर नवल नाही.

तंतुकलेचं दुसरं टोकही याच शहरात आहे. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकल्या, के. जी. सुब्रमण्यन त्यांचे गुरू. अंबाडी-तागासारख्या तंतूंच्या दोऱ्या हाताने गाठी मारत त्यांनी माणसाहून उंच शिल्पं उभी केली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांच्या कामात गाठ आहे, फासा नाही. गाठ ओढली तर आवळते. ते काम उसवून कोणाच्या धाकट्यासाठी वापरता येत नाही, टिकण्याला हेही एक कारण, असं मला वाटतं.

घरी ट्रंक उघडाल तेव्हा एवढं करा. आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. कपडा टांगू नका, लोंबून आकार जातो. सपाट ठेवून शेजारी मोजपट्टी धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण नमुना वाचायला उलट बाजू लागतेच. आणि विणणारी आजी, काकू, आत्या अजून असेल तर तिच्या हातात दोन सुया आणि थोडी लोकर द्या आणि हातांचं चित्रीकरण करा. नमुन्याला ती काय नाव देते, तेही तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.