तासाला 80 सांतीम

सार्डिनच्या काही डब्यांवर मासा कोणत्या साली पकडला ते छापलेलं असतं, हे मला पॅरिसमधल्या एका दुकानात कळलं. दुकानदारीणबाईंनी सांगितलं की जाणकार हे डबे वर्षानुवर्षं ठेवतात, अधूनमधून उलटे करतात, आणि मुरलेल्या लोणच्यासारखे जपून खातात. डब्यावर गावाचं नाव होतं दुआर्नने. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात पार पश्चिमेला, फिनिस्तेर जिल्ह्यात, अटलांटिकच्या एका आखातावर वसलेलं हे गाव. जो मासा इतका जपला जातो तो डब्यात भरतं कोण, ते बघायला मी तिथे गेले.

सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचीच नातलग. ती मीठपाण्यात ठेवायची, धुवायची, वाळवायची, उकळत्या तेलातून काढायची, डब्यात रचायची आणि तेल ओतून डबा बंद करून वाफेवर शिजवायची. एवढीच कृती. पण या कृतीत दोन ठिकाणी यंत्राला बाईच्या हाताची सर येत नाही, आणि माझे पाय पुन्हा पुन्हा तिथेच वळत होते.

कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याजवळ पन्नाशी ओलांडलेली एक कामगारीण उभी होती. डाव्या हातात मासा, उजव्या हातात कात्री. कात्री कल्ल्यामागे लागायची आणि डोकं पुरतं तुटायच्या आत मनगटाला एक हलका हिसका बसायचा. डोक्याबरोबर आतडी सबंध बाहेर यायची. पोट फाटायचं नाही, कातडीवरची चांदी निघायची नाही. पुढच्या टेबलावर तळलेले मासे डब्यात रचले जात होते, एकाच्या शेपटाशी दुसऱ्याची मान. हात जरा जोरात लागला तर तळलेली कातडी सोलून येते, आणि तो मासा बाजूला जातो. तळणीचा वास इतका दाट होता की संध्याकाळी केस धुतल्यावरही तो उशीला लागला.

विश्रांतीच्या वेळात मी तिला विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाली, आईकडून, आणि आई तिच्या आईकडून. मग न विचारताच पुढे म्हणाली, "आजीला तासाला 80 सांतीम मिळायचे." तेव्हा शंभर सांतीमचा एक फ्रँक व्हायचा. आजीच्या घरातलं दुसरं काही तिने सांगितलं नाही, हा आकडा मात्र सांगितला.

मासे टिकवण्याचं काम या गावाला नवं नाही. शेजारच्या प्लोमार्कच्या उतारावर रोमन काळातले दगडी हौद आहेत. त्यांत मासे मिठात मुरवून गारुम नावाचं कालवणाचं पाणी करत. डबाबंद माशांचे कारखाने एकोणिसाव्या शतकात आले. 1853 साली सुरू झालेला एक अजूनही चालू आहे. पुरुष होड्यांवर गेले, बायका-मुली कारखान्यात. त्यांच्या पांढऱ्या टोपडीवरून त्यांना 'पेन सार्दिन', म्हणजे सार्डिनचं डोकं, असं नाव पडलं. मासा थांबत नाही, म्हणून बाईनेही थांबायचं नाही, असा मालकांचा हिशोब. होड्या रात्री लागल्या तर बायकांना रात्री उठवून बोलावलं जायचं, आणि मासा संपेपर्यंत त्या उभ्या. झोप येऊ नये म्हणून गात. फ्रान्समध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा 1919 साली झाला होता. तो या दारांच्या आत पोचला नव्हता. आधी पैसे हजार माशांवर मिळत. 1905 मध्ये बायकांनी संप करून ते तासावर आणले. हजारो माशांचा वास अंगावर घेऊन, रात्रभर उभं राहून, तासाला 80 सांतीम.

21 नोव्हेंबर 1924 ला या बायका संप करून कारखान्यांबाहेर आल्या. मागणी सव्वा फ्रँकची होती. कम्युनिस्ट महापौर दानिएल ल फ्लांशेक त्यांच्या बाजूने उभा राहिला. फ्रान्समधली पहिली कम्युनिस्ट नगरपालिका याच गावात 1921 साली आली होती. मालकांनी संप फोडायला बाहेरून माणसं आणली. 1 जानेवारी 1925 ला या माणसांनी ल फ्लांशेकवर गोळ्या झाडल्या. तो वाचला, पण गाव पेटलं आणि मालकांचे हातपाय गळाले. 6 जानेवारीला तडजोड झाली: तासाला एक फ्रँक, जादा तासांना आणि रात्रीच्या कामाला वाढीव दर. सव्वा मागितला, एक मिळाला. मला हा विजय अर्धा वाटत नाही. भर हिवाळ्यात, मजुरी बंद असताना, त्या 46 दिवस हलल्या नाहीत.

मला राग येतो तो नंतरच्या गोष्टीचा. संपातली एक विधवा कामगारीण, जोसेफिन पेनकालेत, 1925 च्या मे महिन्यात नगरपालिकेवर निवडून आली. ती कामाला लागली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तिची निवड रद्द केली, कारण बाईला मतदानाचा हक्कच नाही. तिला निवडून देणाऱ्या पुरुषांची मतं कायद्याने पुसून टाकली. फ्रेंच बायकांना मताचा हक्क 1944 साली मिळाला.

बंदरावरच्या गप्पांत अजूनही होड्या, जाळी आणि वादळं पुढे असतात. दुआर्नने समुद्रावर जगलं हे खरंच, पण समुद्रातून आलेल्या माशाचे पैसे झाले ते बायकांच्या हातांमुळे. ब्रिटनीला गेलात तर सहलवाल्यांच्या यादीत नसलं तरी हे गाव बघा, आणि डबा विकत घेताना तो भरणाऱ्या बाईला आज तासाला किती मिळतात, तेही विचारा.