थेंबांचे गणित आणि परिचारिकेची पदवी

रुग्णाच्या उशाशी टांगलेल्या सलाइनच्या बाटलीतून टपटप पडणारे थेंब तुम्ही पाहिलेच असतील. मिनिटाला किती थेंब पडावेत, हे कसे ठरते? पाणी शरीरात फार वेगाने गेले तर काय होईल, आणि फार हळू गेले तर? हे प्रश्न गणिताचे आहेत, शरीरशास्त्राचे आहेत आणि भौतिकशास्त्राचेही आहेत. त्यांची उत्तरे जिला रात्री दोन वाजतासुद्धा ठाऊक असावी लागतात, ती व्यक्ती म्हणजे परिचारिका. तिच्या अभ्यासाचा परिचय आज आपण एका रुग्णाच्या उदाहरणावरून करून घेऊ.

समजा, मे महिना आहे. नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला आहे. १४ वर्षांचा एक मुलगा हातापायांतील असह्य वेदनांनी तळमळत रुग्णालयात आला आहे. कोठेही जखम नाही, सूज नाही, हाड मोडलेले नाही. रक्ततपासणीत कळते की त्याला सिकलसेलचा आजार आहे. विदर्भातील अनेक कुटुंबांत हा आजार आढळतो.

आजाराचे मूळ एका दुव्यात

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे. या मुलाच्या हिमोग्लोबिनमध्ये तेथे व्हॅलिन आहे. एवढ्याशा फरकामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि वाटोळी, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही, आणि वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही जेमतेम १० ते २० दिवस.

मग उन्हाळ्याचा संबंध काय? घामावाटे पाणी गेले की पेशींतलेही पाणी कमी होते, हिमोग्लोबिन दाट होते आणि तंतू लवकर बनतात. म्हणून या मुलाला पाण्याची गरज आहे. जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व विकृतिविज्ञान हे विषय परिचर्येच्या अभ्यासक्रमात का आहेत, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

आता गणित

डॉक्टरांनी लिहिले : ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत द्यावा. सलाइनच्या नळीच्या पाकिटावर छापलेले असते की तिच्यातून २० थेंब पडले म्हणजे १ मिलिलिटर होतो. तेव्हा एकूण थेंब झाले ५०० × २० = १०,०००. चार तास म्हणजे २४० मिनिटे. १०,००० ला २४० ने भागले की मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात. परिचारिका घड्याळ समोर धरून थेंब मोजते आणि नळीवरील चाक फिरवून वेग जुळवते. वेग फार वाढला तर जास्तीचा द्रव फुप्फुसांत साचून श्वास कोंडू शकतो. फार कमी झाला तर पेशी अडकतच राहतात.

पण सलाइन लावले म्हणजे काम संपले असे नाही. दुखऱ्या जागी बर्फ लावावा, असे तुम्हाला वाटेल. येथे तो घातक! थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि अडथळा वाढतो. म्हणून रुग्णाला उबदार ठेवतात. त्याला ताप आला तर परिचारिका सकाळच्या फेरीची वाट पाहत नाही, तत्काळ डॉक्टरांना कळवते. कारण वारंवारच्या अडथळ्यांनी या रुग्णांची प्लीहा निकामी होत जाते आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. हा धडा सूक्ष्मजीवशास्त्राचा. आणि वेदना? ती बाहेरून दिसत नाही, म्हणून कोणी म्हणेल, मुलगा ढोंग करतो. परिचारिका त्याला विचारते, “शून्य ते दहा, यांत तुझे दुखणे किती?” त्याचे उत्तर ती नोंदवते आणि औषधानंतर पुन्हा विचारते. येथे औषधिविज्ञानाबरोबर मानसशास्त्रही उपयोगी पडते.

मुलगा बरा होऊन घरी गेला, तरी प्रश्न उरतोच. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे त्यांना न दुखावता समजावणे आणि भावंडांची तपासणी करविणे, हे आनुवंशिकी व सामुदायिक आरोग्य परिचर्येचे काम. भारत सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. अशा मोहिमेचे बरेचसे यश गावोगाव पोहोचणाऱ्या परिचारिकांवर अवलंबून असते.

चार वर्षे, आठ सत्रे

बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची आहे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, जीवरसायन, आहारशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे. दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीव, औषधे, विकृतिविज्ञान आणि प्रौढ रुग्णांची परिचर्या. नंतर बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती, सामुदायिक आरोग्य, कायदे, संशोधन व संख्याशास्त्र. शेवटचे सत्र इंटर्नशिपचे. वर्गाबरोबरच वॉर्डातही शिकावे लागते, आणि तेही पहिल्या वर्षापासून.

संख्याशास्त्र वाचून दचकू नका. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी पुढे आकडे व आकृत्या मांडून दाखवून दिले की सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले. आपल्याकडे पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली. भारतात या विषयाची पदवी १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाली.

नागपुरात ‘मेडिकल’ म्हणून सर्वांना परिचित असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे. तेथे व मेयो रुग्णालयात विदर्भाप्रमाणेच शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येतात. नागपुरात शासकीय परिचर्या महाविद्यालयही आहे. राज्यातील या पदव्या नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. प्रवेशपरीक्षाही द्यावी लागते. मुलगेही हा अभ्यास करू शकतात. वॉर्डात सिस्टरबरोबर ब्रदरही असतात.

करून पाहा

१. घरातील एखाद्याला पाच मिनिटे शांत बसवून मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. जिना चढून आल्यावर पुन्हा मोजा. तीन दिवस नोंद ठेवा. विश्रांती घेत असलेल्या प्रौढाची नाडी सहसा ६० ते १०० असते.

२. एक लिटर द्रव ८ तासांत द्यायचा आहे. नळीतून १५ थेंबांना १ मिलिलिटर पडतो. मिनिटाला किती थेंब? उत्तर ३१ च्या आसपास आले असेल, तर पुढच्या वेळी रुग्णालयात गेल्यावर त्या बाटलीकडे तुम्ही निराळ्याच नजरेने पाहाल.