घंटी वाजवली, म्हणून वाट आपली?

तुम्ही डेक्कनला उभे आहात. सायकलवर. बालगंधर्वला मित्र तिकिटं घेऊन ताटकळलाय आणि तिसरी घंटा व्हायला दहा मिनिटं उरलीत. जंगली महाराज रस्ता एकेरी, तोही नेमका तुमच्या उलट दिशेचा. नियमानं जायचं तर फर्ग्युसन रस्त्यावरून भला मोठा वळसा. समोर मात्र रुंद फुटपाथ पसरलाय. सावली आहे, गर्दी बेताची आहे, चौकातल्या मामांचं लक्ष दुसरीकडे आहे. काय कराल?

खरं खरं सांगा. पुढचं चाक अलगद उचलाल आणि फुटपाथवर चढाल. मग ट्रिंग ट्रिंग! पुढे चालणाऱ्या काकू दचकून डावीकडे सरकतील आणि तुम्हीही नेमकं डावीकडेच घेतलेलं असेल. करकचून ब्रेक, काकूंच्या हातातली पिशवी खाली, तुमचं घाईघाईत ‘सॉरी सॉरी’. बहुतेक वेळा प्रकरण इथंच मिटतं. मिटतं म्हणून आपण पुन्हा तेच करतो.

सायकल चालवणारा माणूस स्वतःला सज्जन समजतो, आणि त्यात फार काही चूक नाही. पेट्रोल नाही, धूर नाही, पार्किंगवरून सोसायटीत भांडणं नाहीत. रस्त्यावर सगळ्यात जास्त सोसतोही तोच. बस अंगावर येते, उभ्या कारचं दार अचानक उघडतं, बाइकवाले कट मारून जातात. त्यामुळे ‘आपल्यावरच अन्याय होतो’ ही भावना पक्की बसते. पण फुटपाथवर चाक टेकलं की हिशेब उलटा होतो. तिथं सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात टणक जे काही आहे, ते तुम्ही. रस्त्यावर तुमच्यासाठी जी बस असते, ती इथं काकूंसाठी तुमची सायकल असते.

थोडं अकरावीचं फिजिक्स आठवा. माणूस ताशी साधारण पाच किलोमीटर वेगानं चालतो. रमतगमत मारलेली सायकलही ताशी पंधरानं जाते, म्हणजे सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त. अडथळा दिसल्यापासून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद गेला, तर चार मीटर तसेच संपले. ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. वेग पंचवीस असेल तर त्याच सेकंदात सात मीटर. पावसात रिम ओली, खाली गुळगुळीत फरशी, मग तर बोलायलाच नको. आणि सायकलला आवाज नसतो. एरवी हा तिचा गुण, पण पाठमोऱ्या माणसासाठी तोच धोका. मागून बाइक आली तर कळतं. सायकल कळते ती थेट शेजारी आल्यावर.

मग घंटी आहे ना? आहे, पण घंटी फक्त ‘कुणीतरी आहे’ एवढंच सांगते. कुठल्या बाजूनं, किती लांब, किती जोरात, यातलं काहीच सांगत नाही. ऐकणारा माणूस अंदाजानं उडी मारतो. ज्याला कमी ऐकू येतं तो जागचा हलतच नाही, आणि ज्याच्या कानात इअरबड्स आहेत तोही नाही. तेव्हा घंटी वाजवली म्हणजे जबाबदारी समोरच्याच्या गळ्यात घातली, असं होत नाही.

या बाबतीत जपानचं उदाहरण मला फार आवडतं, कारण तिथं फुटपाथवर सायकल अजिबात परकी नाही. तेरा वर्षांखालची मुलं, सत्तरी गाठलेली माणसं आणि अपंग व्यक्तींना तिथं फुटपाथवरून सायकल चालवायची मुभा आहे; तशी पाटी असलेल्या ठिकाणी इतरांनाही. पण अट ठरलेली: रस्त्याच्या कडेची बाजू धरायची, हळू जायचं आणि चालणाऱ्याला अडचण होत असेल तर थांबायचं. चालणाऱ्यांना बाजूला करण्यासाठी घंटी वाजवणं तिथं नियमात बसत नाही. म्हणजे आपण जी गोष्ट सभ्यपणा म्हणून करतो, ती तिथं चूक धरतात!

ढकलाढकलीची साखळी

आता सायकलवाल्यांची बाजू. ते फुटपाथवर चढतात ते मौज म्हणून नाही. जंगली महाराज रस्त्याचंच बघा. सत्तरच्या दशकात बांधलेला, वर्षानुवर्षं खड्डा न पडलेला रस्ता म्हणून आईबाबांच्या पिढीत त्याचं केवढं कौतुक. काही वर्षांपूर्वी त्याचं रूप पालटलं. फुटपाथ रुंद झाले, झाडांभोवती बसायला जागा आली, मुलांसाठी खेळणी आली आणि फुटपाथलगत सायकल ट्रॅकही आला. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात मात्र सायकल ट्रॅक ही शहरात सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी मोकळी जागा. तिथं दुचाक्या लागतात, टेम्पोतला माल उतरतो, कुणी फोनवर बोलत येरझाऱ्या घालतं, कुणी रील शूट करतं. ट्रॅक बंद झाला की सायकलवाला फुटपाथवर सरकतो. फुटपाथवर आधीच दुकानाची पाटी, डीपी बॉक्स आणि भेळेची गाडी. सायकलही आली, की चालणारा खाली उतरतो, थेट रस्त्यावर.

म्हणजे कारला जागा हवी म्हणून दुचाकी सरकली, दुचाकीमुळे सायकल आणि सायकलमुळे आजी. प्रत्येक जण आपल्याहून कमजोर माणसाला एक पायरी खाली ढकलतोय, आणि साखळीच्या शेवटी जी व्यक्ती आहे तिला ढकलायला कुणीच उरलेलं नाही. २०२० मध्ये पुण्यातल्या एका आजींचा व्हिडिओ देशभर फिरला होता, आठवतोय? फुटपाथवर घुसलेल्या दुचाक्यांसमोर त्या सरळ उभ्या राहिल्या होत्या. आपण सगळ्यांनी तो शेअर केला, ‘सॅल्यूट’ लिहिलं. तेव्हा समोर दुचाक्या होत्या म्हणून बरं. सायकल असती तर आपण कुणाच्या बाजूनं कमेंट केली असती?

कायदा काय म्हणतो, तेही बघून ठेवा. फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर मोटार वाहन चालवता येत नाही, हे वाहतुकीच्या नियमांत स्पष्ट आहे. साधी सायकल ‘मोटार वाहन’ या व्याख्येत बसत नाही, म्हणून लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही. पण याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. सार्वजनिक रस्त्यावर कुणाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे कुठलंही वाहन चालवणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालण्याजोगे फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ नं दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे काकू फुटपाथवरून चालतात ती कुणाची मेहेरबानी नव्हे. पाहुणे आपण आहोत.

मधल्या मधे एक नवा भिडू आलाय. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी पंचवीसपेक्षा कमी वेग असलेल्या बॅटरीच्या गाड्यांना साधारणपणे नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. कॉलेजच्या गेटवर अशा कितीतरी गाड्या दिसतात. ‘ही तर सायकलच आहे’ म्हणत त्या ट्रॅकवरही येतात, फुटपाथवरही. पण पायडल मारून पंचवीसचा वेग गाठायला दम लागतो, तो सतत टिकवायला आणखी लागतो. बॅटरीला दम लागत नाही. वरचा सात मीटरचा हिशेब यांनाच जास्त लागू आहे.

उभी सायकलही नडते

धावत्या सायकलबद्दल एवढं बोललो, पण माझ्या मते जास्त माणसांना त्रास उभ्या सायकलचा होतो. २०१७-१८ मध्ये पुण्यात ॲपवर भाड्याच्या सायकली आल्या होत्या. औंधमध्ये, विद्यापीठाच्या आवारात सगळीकडे रंगीबेरंगी सायकली. कल्पना झकास होती. कुठूनही घ्या, कुठंही सोडा. ‘कुठंही’ म्हणजे शेवटी फुटपाथच्या मधोमध. दोनेक वर्षांत त्या बहुतेक दिसेनाशा झाल्या, पण ‘कुठंही सोडा’ ही सवय मागे राहिली.

फुटपाथवरच्या पिवळ्या खडबडीत फरश्या तुम्ही रोज तुडवता. त्यांचा अर्थ माहितीये? लांबट रेघा असतील तर ‘सरळ चला’. गोल ठिपके असतील तर ‘थांबा, पुढे वळण, रस्ता किंवा पायरी आहे’. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पांढऱ्या काठीच्या टोकाला कळणारी ती लिपी आहे. त्या पट्ट्यावर स्टँड लावून सायकल उभी केली, की वाक्याच्या मधे भिंत बांधल्यासारखं होतं. काठी चाकांच्या मधून आरपार जाते आणि माणूस हँडलवर आदळतो. क्लासला उशीर झालाय म्हणून रेलिंगला सायकल बांधायचीच असेल, तर आधी खाली बघा. पिवळं दिसलं तर चार पावलं पुढे जा.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वस्तीच्या भागातही फुटपाथची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी. म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर खांदा न घासता जातील एवढी. सायकलचं हँडल साधारण साठ सेंटिमीटर, शिवाय तुमचे कोपर. गणित तुम्हीच करा. अशा फुटपाथवर एका माणसाला ओलांडतानाही जेमतेम हातभर अंतर सुटतं. तेव्हा उतरा. सायकलवरून उतरून ती ढकलत नेणारा माणूस पादचारीच असतो, आणि शंभर मीटर ढकलायला फार तर दीड मिनिट लागतं. नाटक काही तेवढ्यात संपत नाही.

‘खांब लावा ना मग, कुणी चढणारच नाही!’ हा उपाय प्रत्येक चर्चेत येतो. लावलेही आहेत. अडचण अशी, की व्हीलचेअर जायला नव्वद सेंटिमीटरची फट लागते आणि स्कूटरची रुंदी साधारण सत्तर. फट ठेवली तर स्कूटरही जाते, बुजवली तर व्हीलचेअर अडते. सायकलला तर दोन्हीकडे रान मोकळं.

चालणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत, कारण तुम्ही सायकलवर नसता तेव्हा तेच असता. चौघं जण हातात हात घालून ट्रॅकवर पसरायचं आणि मागून सायकल आली की ‘दिसत नाही का’ म्हणून खेकसायचं, हेही रोजचंच. पण दोन्हीकडे सारखंच माप लावू नका. ट्रॅकवर चालणाऱ्यामुळे सायकलवाल्याचा वेळ जातो. फुटपाथवरच्या सायकलमुळे सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड जाऊ शकतं.

विश्वास बसत नसेल तर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर जा. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी पादचारी दिन साजरा करते आणि रस्त्याचा एक तुकडा वाहनांसाठी बंद असतो. माणसं कशी चालतात ते बघा. कुणी सरळ चालत नाही. दुकान दिसलं की वळतात, ओळखीचं भेटलं की जागीच थांबतात, पोरं आडवीतिडवी पळतात. वाहनांची भीती गेली की चालणं असंच होतं, आणि त्यात गैर काय?

आपल्या कॉलेजभोवतीचं काही बदलायचं असेल, तर एक सोपी वाट आहे. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात; २००६ पासून ही सोय आहे आणि अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो. सायकल स्टँड, तुटलेला उतार, ट्रॅकमधला डीपी बॉक्स असली कामं त्यात सुचवता येतात. ‘फुटपाथ नीट करा’ एवढंच लिहू नका. अमुक दुकानापासून तमुक झाडापर्यंत, मोकळी रुंदी इतकी, मधे हे हे अडथळे, असं नेमकं लिहा, सोबत फोटो जोडा. मोजायला तिघं जा. दोघं टेप धरायला आणि तिसरा मागून येणाऱ्या सायकलींवर लक्ष ठेवायला.