विक्रोळीची तिवरं कुणाच्या वाट्याला?

गोदरेज घराण्याची वाटणी जाहीर झाली आणि लगोलग विक्रोळीच्या जमिनीचे बाजारभाव काढले गेले. आदि व नादिर यांच्याकडे साबण, शेती आणि घरबांधणीच्या कंपन्या. चुलतभाऊ जमशेद व त्यांची बहीण स्मिता यांच्याकडे ‘गोदरेज अँड बॉइस’ आणि मुंबईतली सुमारे 3,400 एकर जमीन. यातल्या निम्म्याच्या आसपास जागेवर तिवरांचं जंगल आहे. माझ्या मते या वाटणीतला सर्वांत मोलाचा ऐवज तोच.

ईस्ट इंडिया कंपनीने फ्रामजी बानाजींना दिलेली ही जमीन पिरोजशा गोदरेज यांनी 1940च्या दशकात घेतली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या इथल्या कारखान्यात घडल्या. कोर्टकचेऱ्याही पिढीजात. 1957च्या एका नोटिशीच्या आधारे वन खात्याने काही भाग खासगी वन ठरवला. तशाच नोटिशींमुळे मुलुंडकरांची राहती घरंही अडकली होती. नुसत्या नोटिशीने जमीन वन होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला 2014 उजाडलं.

पूर्व द्रुतगती महामार्गाच्या खाडीकडच्या बाजूला ओहोटीच्या वेळी पाहा. चिखलातून बोटाएवढी श्वसनमुळं हजारोंनी वर आलेली असतात. तिवराचं पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. हीच झाडं गाळ धरून ठेवतात, भरतीचा जोर मोडतात. समोरची ठाणे खाडी 2022मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, तिथल्या रोहित पक्ष्यांचे फोटो आपण हौसेने काढतो. काठाची तिवरं मात्र बातमीत येत नाहीत.

तिवरं तोडायला बंदी आहेच. उच्च न्यायालयाने 2018मध्ये ती पुन्हा बजावली. पण मुंबईत बंदी असूनही राडारोड्याखाली किती तिवरं गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विक्रोळीचा पट्टा टिकला तो मालकी एकाच घराकडे राहिली, तुकडे पडले नाहीत आणि कंपनीने 1980च्या दशकापासून त्याच्या जपणुकीवर माणसं नेमली म्हणून.

मोकळ्या जमिनीवर इमारती होणारच, त्याला माझा विरोध नाही. मात्र पहिला आराखडा मंजुरीला जाण्याआधी नव्या मालकांनी तिवरांची आणि त्यांच्या कडेच्या 50 मीटर पट्ट्याची मोजणी करून नकाशा लोकांसमोर ठेवावा, आणि ही जागा कधीही विकणार वा गहाण ठेवणार नाही, असं कंपनीच्या नियमावलीतच लिहून टाकावं.