परदेशगमनाची पूर्वतयारी

आपल्या हैदराबादेतून उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारे विद्यार्थी आज थोडेथोडके नाहीत. अर्ज, परीक्षा, व्हिसा, कपडेलत्ते यांची तयारी घरोघरी कसोशीने होते. तथापि ज्या समाजात दोन-चार वर्षे काढावयाची, त्याची बोलण्याची व वागण्याची रीत आधी शिकून घेण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. म्हणून या दुसऱ्या तयारीविषयी आम्ही येथे थोडे लिहीत आहोत.

शब्द ठाऊक झाले म्हणजे भाषा आली असे नव्हे. याचे उदाहरण आपल्या गल्लीतच सापडेल. 'परसों' हा शब्द दिल्लीच्या माणसालाही ठाऊक असतो. पण हैदराबादी मनुष्य 'परसों' म्हणाला, तर ती गोष्ट परवाची असेल किंवा सहा महिन्यांपूर्वीचीही असेल! पाहुणा गोंधळतो, कारण त्याला शब्द माहीत असतो, रूढी माहीत नसते. परदेशी आपली स्थिती त्या पाहुण्यासारखी होते.

मराठीत आदर क्रियापदातच असतो. 'पाणी द्या' म्हटले की 'द्या' या रूपात विनय आला. इंग्रजीत लहानथोर सर्वांना 'यू' हे एकच सर्वनाम. म्हणून तेथे विनय 'प्लीज', 'थँक यू' अशा निराळ्या शब्दांनी दाखवावा लागतो. आपल्या वाक्याचे शब्दशः भाषांतर केले, तर त्याची आज्ञा होते आणि सुशील मुलगाही उद्धट ठरतो. उलट, जर्मन भाषेतील 'डू' व 'झी' यांमधील भेद आपल्या 'तू' व 'तुम्ही' यांच्या जवळचा आहे. तो मराठी मुलास चटकन उमगावा.

आचाराचेही तसेच आहे. वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा आपल्याकडे विनय. अनेक पाश्चात्त्य देशांत नजर चुकविणारा काही लपवीत आहे, असा ग्रह होण्याचा संभव असतो. पुस्तकातील उतारा जसाच्या तसा उत्तरात लिहिला, तर येथे पाठांतराबद्दल शाबासकी मिळते. तेथील विद्यापीठांत मूळ लेखकाचा निर्देश न करता तो उतरविणे म्हणजे वाङ्मयचौर्य. त्यापायी विद्यार्थ्यास विद्यापीठ सोडावे लागण्याची पाळीही येते.

पूर्वतयारीचा पाठ आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात मिळतो. अमेरिकेतील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार निघण्यापूर्वीच सुरू झाला होता. 1883 च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या, आणि फिलाडेल्फियाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू होईपर्यंत कार्पेंटर कुटुंबातच राहिल्या. अपरिचित देशाची ओळख त्यांना अशी एका घरातून झाली. शाकाहार व साडी त्यांनी सोडली नाही. 11 मार्च 1886 रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. पण परदेशातच प्रकृती ढासळली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, क्षयाने त्यांचा अंत झाला. परक्या हवेत देह सांभाळणे हेही शिक्षणच आहे, हे त्यांच्या चरित्रावरून ध्यानात घ्यावे.

आम्हा कोंकणी बोलणाऱ्यांना धर्मानंद कोसंबी यांचेही स्मरण होते. गोव्यातील सांखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेला हा पुरुष पाली शिकण्यासाठी 1902 मध्ये सिंहलद्वीपास गेला आणि 1910 मध्ये हार्वर्डला पोहोचला. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांनी तेथे केले. इतक्या भाषा व देश पाहूनही त्यांनी आपले बहुतेक ग्रंथ मराठीतच लिहिले. नव्या भाषेसाठी जुनी टाकावी लागत नाही, हे यावरून दिसते.

विद्यार्थिमित्रहो, या तयारीस आपले शहर फार अनुकूल आहे. घरी मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दख्खनी, वर्गात इंग्रजी अशी ये-जा तुम्ही रोज करता. दख्खनीतील 'नक्को' हे तर आपल्या 'नको'चेच भावंड! 1958 मध्ये येथे स्थापन झालेली इंग्रजी शिक्षणाची केंद्रीय संस्था आज इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून नांदत आहे. तेथे फ्रेंच, जर्मन, जपानी, अरबी इत्यादी भाषा शिकवितात. इतर देशांतील लोकही इंग्रजी शिकण्यासाठी येतात. असा कोणी परदेशी विद्यार्थी भेटला, तर त्याला येथे काय अवघड वाटले, हे अवश्य विचारावे. उद्या तुम्हाला तेथे काय अवघड वाटेल, त्याची काहीशी कल्पना त्यावरून येईल.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलास बाजारहाट, साधा स्वयंपाक व कपडे धुणे येथेच शिकवावे. आणि तीन वाक्ये त्या देशाच्या भाषेत निःसंकोच म्हणण्याची सवय लावावी : 'मला समजले नाही', 'माझी प्रकृती बरी नाही', 'मला मदत हवी आहे'. हुशार मुले संकोचाने ही वाक्ये गिळतात आणि एकटी पडतात. ती वेळेवर उच्चारणाऱ्यास परका देश फार दिवस परका राहत नाही, असा आमचा विश्वास आहे.