मुलांच्या अंगावरील चरबीच्या गाठी : निदान कसे होते?

लहान मुलाच्या मानेवर, पाठीवर किंवा दंडावर मऊ गाठ दिसली की काही घरांत ती वयाबरोबर जिरेल म्हणून दुर्लक्षिली जाते, तर काही घरांत कर्करोगाच्या धास्तीने सर्वांची झोप उडते. वेळेवर केलेली तपासणी हाच या दोहोंवरचा उपाय होय.

गाठीचे प्रकार

चरबीच्या पेशींची जादा वाढ होऊन बनलेल्या गाठीस वैद्यकशास्त्रात ‘लायपोमा’ म्हणतात. हे सौम्य अर्बुद असून ते शरीरात इतरत्र पसरत नाही. प्रौढांत ते नेहमी आढळते, मुलांत क्वचित. बहुधा तीन वर्षांखालील बालकांत आढळणारा ‘लायपोब्लास्टोमा’ हा निराळा प्रकार अपक्व चरबीपेशींपासून उद्भवतो. तो झपाट्याने वाढत असल्याने कर्करोगाची शंका येते. परंतु तोही सौम्यच असतो. चरबीचा कर्करोग, म्हणजे ‘लायपोसार्कोमा’, दहा वर्षांखालील मुलांत अत्यंत विरळा आहे. तथापि सौम्य गाठ देखील श्वासमार्गावर वा मज्जातंतूवर दाब आणू शकते. म्हणून तिचे स्वरूप आणि खोली जाणून घेणे अगत्याचे ठरते.

तपासणीचा क्रम

पहिली तपासणी सोनोग्राफीची. तीत ध्वनिलहरींचा वापर होतो. क्ष-किरण नसतात, दुखत नाही आणि मुलाला गुंगीचे औषध सहसा द्यावे लागत नाही. गाठ घन आहे की पाण्याची, तिच्यात रक्तप्रवाह किती, ती त्वचेखालीच आहे की स्नायूत शिरली आहे, हे तीवरून समजते.

गाठ मोठी, खोल अथवा वाढती असल्यास एमआरआय करतात. या यंत्रात चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने प्रतिमा मिळते. एका प्रकारच्या प्रतिमेत चरबी पांढरी चमकते. चरबीचा संकेत दाबणारी दुसरी प्रतिमा घेतली की तोच भाग काळा पडतो. गाठ चरबीची असल्याची ही मोठी खूण होय. मूल निश्चल राहणे आवश्यक असल्याने लहानग्यांना गुंगी द्यावी लागते; त्यापूर्वी किती वेळ उपाशी ठेवायचे, हे डॉक्टर सांगतात. सीटी स्कॅनमध्येही चरबी ओळखू येते. परंतु त्यात क्ष-किरण असल्याने मुलांसाठी तो गरजेपुरताच वापरतात.

प्रतिमेलाही मर्यादा आहेत. लायपोब्लास्टोमा आणि लायपोसार्कोमा प्रतिमेत सारखे दिसू शकतात. अंतिम निर्णय गाठीच्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शक परीक्षणावरून होतो. लायपोब्लास्टोमा शस्त्रक्रियेने समूळ काढावा लागतो. अंश राहिल्यास तो पुन्हा उद्भवतो, म्हणून पुढे काही वर्षे तपासणी चालू ठेवतात.

कमरेवरील गाठ

कमरेच्या खालच्या भागी, मणक्याच्या मध्यरेषेवर मऊ गाठ, खळगा किंवा केसांचा झुबका असल्यास विशेष दक्षता हवी. अशी चरबी आत मज्जारज्जूशी जोडलेली असू शकते. मूल वाढते तसा मज्जारज्जू ताणला जाऊन पायांत अशक्तपणा येतो, लघवीवरील ताबा जातो. ही हानी पुढे पुरती भरून येईलच असे नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मणक्याची हाडे पुरती पक्की नसल्याने सोनोग्राफीने आतले दिसू शकते; नंतर एमआरआयच लागतो.

खानदेशातील सोय

धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून जळगाव येथे २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल यांसारख्या तालुक्यांतील पालकांनी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात मूल दाखवून तेथील चिठ्ठी घेऊन पुढे जावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शाळांतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. पथक येईल त्या दिवशी मुलांची हजेरी पूर्ण राहील, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी पाहावे.

गाठ वाढत असेल, कडक किंवा दुखरी असेल, अथवा कमरेच्या मध्यरेषेवर असेल तर पथकाची वाट न पाहता मुलास दवाखान्यात न्यावे. गाठ चोळणे, शेकणे किंवा फोडणे कटाक्षाने टाळावे. गावातील शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या नजरेस अशी गाठ प्रथम पडण्याचा संभव असतो. त्यांनी पालकांना वेळीच सांगितल्यास एखाद्या मुलाचे पाय वाचू शकतात.